इंडोनेशियन भाषेत प्रबंध लिहिताना वाक्याचं उद्देश्य कुठे हरवतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंडोनेशियातल्या विद्यापीठात तुम्ही शिक्षणशास्त्रात मास्टर्स करताय आणि तेसिस, म्हणजे मास्टर्सचा प्रबंध, इंडोनेशियन भाषेत लिहायचा आहे. शब्दलेखन कोशातून तपासून घेतलंय, परदेशी विद्यार्थ्यांसाठीचा भाषावर्ग चांगल्या गुणांनी पार पडलाय. तरी मार्गदर्शक पानोपानी 'कालिमात तिदाक एफेक्तिफ', म्हणजे 'वाक्य परिणामकारक नाही', एवढा शेरा मारून मसुदा परत करतात. भाषा आणखी भारदस्त करावी का? 'साया' म्हणजे 'मी' लिहिलेलं चालेल का? आणि स्थानिक मित्रांच्या स्क्रिप्सी, म्हणजे पदवीचे प्रबंध, नमुना म्हणून समोर ठेवाव्यात का?

इंडोनेशियन विद्यार्थ्यांचे प्रबंध भाषेच्या अंगाने तपासायचं काम मी बरीच वर्षं करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. इंडोनेशियन शब्द इथे देवनागरीत देताना जिथे स्पष्ट 'आ' आहे तिथे काना दिला आहे आणि तोंडातल्या तोंडात राहणारा अस्पष्ट स्वर नुसत्या 'अ'ने दाखवला आहे. त्यामुळे संशोधनाला 'पनलितिआन' असं लिहिलेलं दिसेल.

भारदस्तपणाचं आधी सांगते: तो नको. मराठी माणसाचा हात औपचारिक लिहिताना आपोआप संस्कृताकडे जातो. इंडोनेशियनमध्येही संस्कृतातून आलेले शब्द भरपूर असल्यामुळे वाटतं की तोच रस्ता इथेही असेल. पण तिथे हे शब्द रोजच्या वापरातले आहेत. 'कारण'वरून आलेलं 'कारना' भाजीवालाही वापरतो. 'कार्या', 'गुरू' यांच्यात वेगळा भारदस्तपणा कुणाला जाणवत नाही. विद्यापीठीय परिभाषा मुख्यतः डच, इंग्रजी आणि अरबीतून आली आहे: 'मेतोदे', 'हिपोतेसिस', 'इल्मू', 'बाब'. शिवाय ओळखीचे शब्द फसवतातही. 'सास्त्रा' म्हणजे शास्त्र नव्हे, साहित्य. 'सार्जाना' म्हणजे पदवीधर. तेव्हा शब्द जड करून वाक्य सुधारणार नाही. तुमच्या मार्गदर्शकांची तक्रार शब्दांबद्दल नाही, वाक्याच्या बांधणीबद्दल आहे.

त्या शेऱ्यामागे बहुतेक वेळा एकच गोष्ट असते: वाक्यात उद्देश्य, म्हणजे वाक्य ज्याच्याबद्दल आहे तो शब्द, सापडत नाही. तुम्ही पाठवलेल्या पानावरचं पहिलंच वाक्य घ्या. 'दालाम पनलितिआन इनी मम्बाहास तन्तांग पंगारुह मेदिआ सोसिआल तर्हादाप मिनात बाचा.' तुम्हाला म्हणायचंय, 'या संशोधनात समाजमाध्यमांचा वाचनाच्या आवडीवर होणारा परिणाम चर्चिला आहे.' मराठीत हे वाक्य निर्धोक आहे, कारण 'चर्चिला आहे' हे क्रियापद कर्मणी आहे आणि ते 'परिणाम' या शब्दाला धरून चालतं. इंडोनेशियनमध्ये मात्र 'मम्बाहास' हे कर्तरी रूप आहे. चर्चा कोण करतंय, असं ते रूप विचारतं, आणि उत्तर द्यायला समोर कुणी नाही. 'पनलितिआन' उत्तर देऊ शकलं असतं, पण त्याच्या आधी 'दालाम' हे शब्दयोगी लावून तुम्ही त्याला उद्देश्याच्या जागेवरून उठवलंत. 'संशोधन' आता नुसतं ठिकाण झालं.

दुरुस्तीचे दोन मार्ग आहेत. एक तर 'दालाम' काढा: 'पनलितिआन इनी मम्बाहास पंगारुह मेदिआ सोसिआल...' म्हणजे संशोधनच चर्चा करतं. नाही तर 'दालाम' ठेवा आणि क्रियापद कर्मणी करा: 'दालाम पनलितिआन इनी दिबाहास पंगारुह मेदिआ सोसिआल...' आता 'पंगारुह' म्हणजे परिणाम हे उद्देश्य झालं. दोन्ही शुद्ध आहेत. दोन्हींत 'तन्तांग' गेलं हेही बघा. 'मम्बाहास'च्या पोटात 'विषयी' आधीच आहे.

हा दोष फक्त परक्यांचा नाही. इंडोनेशियन विद्यार्थ्यांच्या मसुद्यात तो जितका भेटतो तितका दुसरा कुठलाच दोष मला भेटत नाही. 'दारी हासिल वावांचारा मनुंजुक्कान बाह्वा', म्हणजे 'मुलाखतींच्या निष्कर्षांवरून दाखवतात की'. इथे 'दारी' काढा, किंवा क्रियापद 'दिकताहुई' म्हणजे 'कळून येतं' असं करा. तसंच 'मनुरुत पारा आह्ली मन्याताकान बाह्वा', म्हणजे 'तज्ज्ञांच्या मते म्हणतात की'. 'मनुरुत' ठेवलं तर पुढे थेट मत द्यायचं. 'मन्याताकान' हवं असेल तर वाक्य 'पारा आह्ली'पासून सुरू करायचं. ही सगळी वाक्यं वाचायला ओळखीची वाटतात, इतकी की लिहिणाऱ्याला खटकतच नाहीत. म्हणून डोळ्यांवर विसंबू नका, प्रत्येक वाक्याला प्रश्न विचारा: यातली क्रिया कुणाची किंवा कशाची? उत्तर देणाऱ्या शब्दाच्या आधी 'दालाम', 'दारी', 'पादा', 'बागी', 'उन्तुक', 'दंगान' यांपैकी काही चिकटलेलं असेल, तर वाक्य मोडलेलं आहे.

असं का होतं हे समजलं तर दुरुस्ती सोपी जाते. 28 ऑक्टोबर 1928 रोजी बटाव्हियातल्या, म्हणजे आजच्या जकार्तातल्या, युवक परिषदेत 'एक भाषा' म्हणून जिचा स्वीकार झाला ती मलायू भाषा, म्हणजेच आजची इंडोनेशियन, त्या सभागृहातल्या बहुतेकांची मातृभाषा नव्हती. 1945 च्या राज्यघटनेने तिला राज्यभाषेचा दर्जा दिला. आजही त्या देशात 700 हून अधिक भाषा बोलल्या जातात. योग्याकार्तातली विद्यार्थिनी घरी जावानीज बोलते, बांडुंगमधला विद्यार्थी सुंदानीज बोलतो. मित्रांशी दोघंही जकार्ता वळणाची बोली इंडोनेशियन बोलतात. त्या बोलीत क्रियापदांचे उपसर्ग गळतात, 'तिदाक'चं 'एंग्गाक' होतं, 'मम्बुआत'चं 'बिकिन' होतं. प्रबंधाची प्रमाण भाषा यातल्या कुठल्याही तोंडात वाढलेली नसते. ती शाळेत, पाठ्यपुस्तकांतून आणि सरकारी कागदांतून कानावर पडते. मग विद्यार्थी ती आवाजावरून लिहितो: औपचारिक वाक्य असं सुरू होतं, असं लांबतं, असं संपतं. 'दालाम पनलितिआन इनी' हा त्या आवाजाचा भाग आहे. सुरुवात कानाला योग्य वाटते आणि वाक्याचा सांगाडा तिथेच निखळतो.

राज्यसंस्थेला याची कल्पना आहे. 2009 च्या 24 क्रमांकाच्या कायद्याने इंडोनेशियात लिहिल्या जाणाऱ्या शास्त्रीय लेखनात इंडोनेशियन भाषा बंधनकारक केली, विशिष्ट हेतूसाठी प्रादेशिक किंवा परकी भाषेला वाव ठेवून. 2012 च्या उच्च शिक्षण कायद्याने धर्म, पंचशील (इंडोनेशियन राज्याची पाच मूलतत्त्वं) आणि नागरिकत्व यांच्या जोडीला इंडोनेशियन भाषा हा पदवीचा सक्तीचा विषय केला. कुठल्याही शाखेचा विद्यार्थी 'कालिमात एफेक्तिफ' हा धडा शिकलेला असतो. तो धडा बहुधा चुकांच्या यादीसारखा शिकवला जातो आणि यादी परीक्षेनंतर विसरली जाते. माझ्या मते त्या धड्याचा गाभा कर्तरी-कर्मणीत आहे आणि जास्तीत जास्त वेळ तिथेच द्यायला हवा.

कर्मणीबद्दल तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेल की शास्त्रीय इंडोनेशियन 'दि-' लावलेल्या क्रियापदांत लिहायची, म्हणजे लिहिणारा दिसत नाही आणि लेखन वस्तुनिष्ठ होतं. हे अर्धं खरं आहे. इंडोनेशियनमध्ये कर्मणी इतका वापरतात कारण वाचकाचं लक्ष ज्या गोष्टीवर आहे ती उद्देश्याच्या जागी टिकवता येते. 'रेस्पोंदेन दिपिलिह सचारा आचाक. मरेका कमुदिआन दिवावांचाराई. हासिल वावांचारा इतू दित्रान्सक्रिप्सी.' उत्तरदाते यादृच्छिक निवडले, त्यांच्या मुलाखती घेतल्या, त्या मुलाखती लिहून काढल्या. एका वाक्याचा शेवट पुढच्या वाक्याचं उद्देश्य होतो आणि वाचक कुठे अडखळत नाही. हेच 'पनुलिस ममिलिह, पनुलिस मवावांचाराई' असं लिहिलं तर प्रत्येक वाक्यात लेखकच पुढे येऊन उभा राहतो, आणि उत्तरदात्यांचं काय झालं हे शोधावं लागतं. पद्धतीच्या प्रकरणात म्हणून 'दि-' शोभतं.

संदर्भसाहित्याच्या आढाव्यात मात्र तेच 'दि-' घात करतं. 'दिआंगाप बाह्वा' म्हणजे 'असं मानलं जातं की'. कोण मानतं? तुम्ही, ज्याचा संदर्भ दिलाय तो, की सगळी विद्याशाखा? 'दिसिम्पुल्कान' म्हणजे निष्कर्ष काढला, पण कुणी? दुसऱ्याचं मत आणि तुमचं मत यांच्यातली रेघ अशा वाक्यांत पुसली जाते, आणि परीक्षक तोंडी परीक्षेत नेमकं तेच विचारतात. तिथे नाव घ्या आणि कर्तरी लिहा.

कर्मणीचा दुसरा प्रकारही शिकून घ्या, परके विद्यार्थी तो टाळतात. 'दाता इतू तलाह कामी कुम्पुल्कान': 'ती माहिती आम्ही गोळा केली आहे'. कर्ता सर्वनाम असेल तर 'दि-' नाही, 'ओलेह' म्हणजे 'कडून' हेही नाही. सर्वनाम थेट क्रियापदाच्या मूळ रूपाला चिकटतं. त्या दोघांच्या मध्ये काही घालायचं नाही. 'दाता इतू कामी तलाह कुम्पुल्कान' ही चूक छापील मजकुरातही दिसते. काळ दाखवणारा 'तलाह' सर्वनामाच्या आधी जातो. आपल्याला हा प्रकार परका वाटायला नको. 'मी माहिती गोळा केली' या वाक्यात 'मी' असूनही क्रियापद माहितीलाच धरून चालतं, तेव्हा वस्तू केंद्रात आणि करणारा बाजूला हाताशी, ही मांडणी आपल्या ओळखीची आहे.

आता 'साया'. शब्दलेखनाचा कुठलाही नियम 'साया'ला बंदी करत नाही. बंदी असते ती विभागाच्या 'पदोमान पनुलिसान' या लेखन-मार्गदर्शिकेत, आणि प्रत्येक विद्यापीठाची, कधी कधी प्रत्येक विद्याशाखेची मार्गदर्शिका वेगळी असते. आधी ती वाचा. बंदी असेल तर रूढ पर्याय 'पनुलिस' किंवा 'पनलिती', म्हणजे 'लेखक' किंवा 'संशोधक'. 'पनुलिस'मध्ये एक अडचण आहे. तुम्ही एखाद्या पाठ्यपुस्तकाची चिकित्सा करत असाल तर 'पनुलिस' म्हणजे तुम्ही की पाठ्यपुस्तकाचा लेखक, हे कळत नाही. तिथे स्वतःसाठी 'पनलिती' वापरा. अनेकवचनी 'कामी' एकट्या लेखकाने वापरू नये असं माझं मत आहे. एका व्यक्तीच्या प्रबंधात ते खोटं वाटतं.

'कामी' आणि 'किता' यांत मराठी माणूस चुकला तर मला खरंच वाईट वाटतं, कारण हा भेद आपल्या भाषेत जसाच्या तसा आहे. 'कामी' म्हणजे 'आम्ही', ऐकणाऱ्याला वगळून. 'किता' म्हणजे 'आपण', त्याला धरून. बोलीत इंडोनेशियन तरुण 'कामी'च्या जागीही सर्रास 'किता' म्हणतात आणि ती सवय लेखनात शिरते. 'किता मंगुम्पुल्कान दाता' असं लिहिलं की वाचक तुमच्याबरोबर माहिती गोळा करायला आला होता असा अर्थ होतो. 'आम्ही'-'आपण' असं मनात म्हणून बघा, चूक होणारच नाही.

मराठीतून येणारी आणखी एक अडचण लांब वाक्यांची. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाट बघायची सवय आपल्याला आहे. विशेषणं आणि विशेषण-वाक्यं नामाच्या आधी लावून आपण शेवटी क्रिया ठेवतो. इंडोनेशियनमध्ये विशेषण नामाच्या मागून येतं. शाळेत याला 'हुकुम दे-एम' म्हणतात, जिचं वर्णन करायचं ती गोष्ट आधी आणि वर्णन नंतर. क्रियापद उद्देश्याच्या लगेच पुढे अपेक्षित असतं. तुम्ही 'महासिस्वा यांग तिंगाल दि आस्रामा यांग दिकलोला ओलेह यायासान यांग...' असं लिहीत गेलात, म्हणजे 'संस्थेने चालवलेल्या वसतिगृहात राहणारा विद्यार्थी', तर वाचक प्रत्येक 'यांग'नंतर, म्हणजे 'जो'नंतर, क्रियापद शोधतो आणि दर वेळी आणखी एक 'यांग' भेटतो. एका उद्देश्यात दोनपेक्षा जास्त 'यांग' आले तर वाक्य तोडा. वसतिगृहाची माहिती वेगळ्या वाक्यात जाऊ द्या.

याच लांबीच्या मोहातून 'दि माना' येतं. 'कुठे' हा प्रश्न विचारायला ते योग्य आहे, पण मराठीतलं 'जिथे', 'ज्यात', 'ज्यामध्ये' भाषांतरित करताना आपण तेच वापरतो. इंडोनेशियन विद्यार्थीही इंग्रजीच्या वाचनामुळे वापरतात. प्रमाण लेखनात ते जोडशब्द म्हणून मान्य नाही. ठिकाण असेल तर 'तम्पात': 'सकोलाह तम्पात पनलितिआन इनी दिलाकुकान', ज्या शाळेत हे संशोधन केलं ती. वेळ किंवा परिस्थिती असेल तर 'कतिका'. सूत्रानंतर चिन्हांचा अर्थ सांगायचा असेल तर 'दंगान'. आणि 'तेओरी इनी, दि माना तेओरी इनी' असं आलं असेल तर तिथे नुसता पूर्णविराम हवा होता.

जोड्यांकडेही लक्ष द्या, कारण संशोधनप्रश्नातच त्या मोडतात. 'पंगारुह आंतारा एक्स तर्हादाप वाय' हे मी अक्षरशः शीर्षकातही पाहिलं आहे. 'पंगारुह'ला म्हणजे परिणामाला दिशा असते, त्याला 'तर्हादाप' पुरे. 'हुबुंगान'ला म्हणजे संबंधाला दोन टोकं असतात, त्याला 'आंतारा... दान...' लागतं. दोन्ही मिसळलं की तुम्हाला परिणाम मोजायचा आहे की सहसंबंध, हेच कळत नाही, आणि मग संख्याशास्त्रीय चाचणी कुठली लावायची इथपर्यंत गोंधळ पोहोचतो. तसंच 'तिदाक' (नाही) असेल तर पुढे 'ततापी' (पण), 'बुकान' (नव्हे) असेल तर 'मलाइंकान' (तर), आणि 'हेही आणि तेही' अशा अर्थी 'बाइक' असेल तर 'माउपुन'. 'सदांकान' (तर, उलट) आणि 'सहिंगा' (त्यामुळे) यांनी वाक्य सुरू करू नका, ती वाक्याच्या पोटातली अव्ययं आहेत. वाक्याच्या सुरुवातीला 'नामुन' (मात्र), 'ओलेह कारना इतू' (म्हणून) चालतं.

शब्दसाधनेबद्दल मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण शिक्षणशास्त्रात तुमचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा असतो. 'आजार' या एका धातूपासून 'बलाजार' म्हणजे शिकणं, 'मंगाजार' म्हणजे शिकवणं, 'पलाजारान' म्हणजे धडा किंवा विषय, 'पंगाजारान' म्हणजे शिकवण्याची प्रक्रिया, 'पम्बलाजारान' म्हणजे शिकण्याची घडवून आणलेली प्रक्रिया आणि 'आजारान' म्हणजे शिकवण, मत. मराठीत आपण यातल्या तिघाचौघांना 'अध्यापन' आणि 'शिक्षण' यांत बसवतो. प्रबंधात 'पंगाजारान' आणि 'पम्बलाजारान' अदलाबदल करून चालत नाही. पहिल्यात शिक्षक केंद्रात आहे, दुसऱ्यात शिकणारा.

साधा नियम असा की मूळ शब्दाच्या दोन्ही बाजूंना 'प-' आणि 'आन' लागले की बहुधा कृती किंवा प्रक्रिया कळते, नुसता 'आन' लागला की त्या कृतीचं फळ. 'पनुलिसान' म्हणजे लिहिण्याचं काम, 'तुलिसान' म्हणजे लिहिलेला मजकूर. 'पनमुआन' म्हणजे शोध लागणं, 'तमुआन' म्हणजे जे सापडलं ते. म्हणून तुमच्या चौथ्या प्रकरणात 'तमुआन पनलितिआन' हवं. याच तर्काने बरेच मार्गदर्शक शेवटच्या प्रकरणात 'कसिम्पुलान' खोडून 'सिम्पुलान' करायला सांगतात. 'कसिम्पुलान' सर्वत्र रूढ आहे, पण विभाग 'सिम्पुलान' मागत असेल तर वाद घालू नका, त्यामागे व्याकरणाचा विचार आहे.

आणि जिथे क्रियापद पुरतं तिथे नाम बनवू नका. 'मलाकुकान आनालिसिस तर्हादाप दाता' म्हणजे 'माहितीवर विश्लेषण करणं'. त्यापेक्षा 'मंगानालिसिस दाता' सरळ आहे. 'मम्बरिकान पंजलासान' काढून 'मंजलास्कान' लिहा. भारदस्तपणा म्हणून विद्यार्थी जे आणतात त्यातलं बरंचसं हेच असतं, आणि त्यानेच पान फुगतं.

उपसर्ग लागताना मूळ शब्दाचं पहिलं अक्षर कधी गळतं हेही पक्कं करा. क, प, स, त ही अक्षरं गळतात: 'ममंगारुही', 'मन्युक्सेस्कान', 'मनाआती'. जोडाक्षर असेल तर राहतात: 'मम्प्रोदुक्सी', 'मंग्क्रितिक'. 'मंगुबाह' म्हणजे बदलणं, त्याचं 'मरुबाह' करू नका, मूळ शब्द 'उबाह' आहे. अपवाद थोडे आहेत, आणि एक तुमच्या कामाचा आहे: 'मंग्काजी' म्हणजे अभ्यास-चिकित्सा करणं, तर 'मंगाजी' म्हणजे कुराण वाचणं-शिकणं. दोन्ही कोशात आहेत, दोन्ही शुद्ध आहेत, फक्त अर्थ निराळे.

शब्दलेखनाचं जास्त सांगत नाही. 1901 आणि 1947 च्या लेखनपद्धतींनंतर 16 ऑगस्ट 1972 पासून आजची पद्धत रुजली, 2015 मध्ये तिचं नाव बदललं आणि 2022 मध्ये पाचवी आवृत्ती म्हणून जुनं नाव परत आलं. तुमची मार्गदर्शिका 2022 च्या आधीची असेल तर तिच्यात नाव वेगळं दिसेल, तेवढ्याने बिचकू नका. ग्रंथालयातून 1972 च्या आधीचं पुस्तक उद्धृत केलंत तर जुनं लेखन तसंच ठेवा. 'दि' शब्दयोगी असेल तर सुटं, क्रियापदाचा उपसर्ग असेल तर जोडून. 'आनालिसा' नाही, 'आनालिसिस'. 'रेसिको' नाही, 'रिसिको'. 'आक्तिफितास' नाही, 'आक्तिवितास'. बादान बाहासा या सरकारी भाषासंस्थेचा कोश ऑनलाइन आहे, शंका आली की तिथे बघा.

मित्रांच्या स्क्रिप्सी नमुना म्हणून घ्याव्यात का? रचनेसाठी जरूर घ्या. प्रस्तावना, संदर्भसाहित्य, पद्धत, निष्कर्ष व चर्चा, समारोप असा पाच प्रकरणांचा सांगाडा जवळपास सगळीकडे सारखा आहे आणि विभागाला नेमकं काय कुठे हवंय हे जुन्या स्क्रिप्सीतून चटकन कळतं. वाक्यं मात्र उचलू नका. पिढ्यान्‌पिढ्या एका स्क्रिप्सीतून दुसरीत गेलेली वाक्यं तिथे असतात. 'दि एरा ग्लोबालिसासी इनी', 'या जागतिकीकरणाच्या युगात', इथून सुरू होणारी पार्श्वभूमी तुम्ही वाचली असेलच. तुमचा विषय एखाद्या तालुक्यातल्या माध्यमिक शाळांमधल्या वाचनाचा असेल तर जागतिकीकरणापासून तिथवर यायला दोन पानं खर्ची पडतात, आणि परीक्षकाला तुमचा प्रश्न तिसऱ्या पानावर भेटतो. त्या शाळेत काय दिसलं, तिथूनच सुरू करा.

दुसरं म्हणजे व्याख्यांची रांग. 'मनुरुत अमुक... मनुरुत तमुक...' असे परिच्छेदामागून परिच्छेद, आणि शेवटी 'वरील व्याख्यांवरून असं म्हणता येईल की'. या रांगेत वाद नसतो, निवड नसते. इंडोनेशियन विद्यार्थी हे आळसाने करतात असं मला वाटत नाही. मोठ्यांच्या मतांमध्ये डावं-उजवं करणं अनेकांना उद्धटपणाचं वाटतं, आणि त्या संकोचाबद्दल मला आदर आहे. पण नम्र राहूनही निवड करता येते. क्रियापदं बदलून बघा: 'मनगास्कान' म्हणजे ठासून सांगतो, 'मनमुकान' म्हणजे त्याला आढळतं, 'मम्बान्ताह' म्हणजे खोडून काढतो. ही क्रियापदं लिहायची तर आधी ठरवावं लागतं की तो माणूस नेमकं काय करतोय. तिथून आढाव्याला अर्थ येतो.

'काता पंगान्तार' या मनोगताची गोष्ट वेगळी. तिथे ईश्वराचे आभार, आईवडिलांचे आभार, उणिवांबद्दल क्षमा आणि सूचनांची विनंती ठरावीक शब्दांत येते. ती ठरावीकच राहू द्या. तिथला नम्र, ओघळता सूर चौथ्या प्रकरणात मात्र येऊ देऊ नका.

अलीकडे एक नवा प्रकार वाढला आहे आणि मला तो इतर सगळ्या दोषांपेक्षा गंभीर वाटतो. मजकुराचं साम्य तपासणारी यंत्रणा बऱ्याच विद्यापीठांत आहे आणि ठरावीक टक्क्यांच्या वर साम्य आलं तर मसुदा परत येतो. ते टक्के खाली आणायला विद्यार्थी समानार्थी शब्द पेरतात. एका परिच्छेदात 'सिस्वा', पुढच्या वाक्यात 'मुरिद', त्याच्या पुढच्या वाक्यात 'पसर्ता दिदिक', तिघांचा अर्थ शाळेतला विद्यार्थी. वाचणाऱ्याला वाटतं तीन गट आहेत. 'कन्दाला' आणि 'हाम्बातान' यांचंही तसंच, दोन्ही म्हणजे अडथळा, पण तुम्ही एकाची व्याख्या दिली असेल आणि पुढे दुसरा वापरत असाल तर तुमची मोजणी कशाची होती? ललित लेखनात शब्दाची पुनरावृत्ती टाळतात. शास्त्रीय लेखनात संज्ञा शेवटपर्यंत एकच ठेवतात, शंभर वेळा आली तरी. साम्य कमी करायचं असेल तर मूळ पान मिटून ठेवा, समजलेलं स्वतःच्या क्रमाने सांगा आणि संदर्भ द्या. एवढं केल्यावरही ठरावीक परिभाषेमुळे थोडं साम्य उरेल आणि ते मार्गदर्शकांना समजतं.

यंत्राकडून इंग्रजीचं इंडोनेशियन करून घेत असाल तर तेही थांबवा. त्या भाषांतरात 'आदालाह' म्हणजे 'आहे' गरज नसताना येतं आणि 'दि माना' हटकून येतं. हाताने चुकत लिहिलेला मसुदा दुरुस्त करायला मला सोपा जातो, कारण चुकीच्या मागे तुमचा विचार दिसतो.

एक अगदी व्यावहारिक बाब. तुमच्या पद्धतीच्या प्रकरणात 'आकान' जागोजागी आहे: 'पनलितिआन इनी आकान मंगुनाकान', 'हे संशोधन वापरेल'. ते प्रस्तावातून उचललेलं आहे. तेव्हा काम व्हायचं होतं, आता झालं आहे. इंडोनेशियनमध्ये क्रियापदाला काळाचं रूप नाही, त्यामुळे नुसता 'आकान' काढला तरी वाक्य बरोबर होतं, फक्त तो काढायला विसरू नका. शोध-सुविधेने सगळे 'आकान' एकदा तपासा. परीक्षकांच्या नजरेत हा शब्द पटकन भरतो.

सारांश इंडोनेशियन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत मागितला असेल. इंडोनेशियन आधी लिहा, पद्धतीच्या प्रकरणातलीच कर्मणी वाक्यं आखडून. मग त्यावरून इंग्रजी करा. उलट केलंत तर वर सांगितलेली सगळी 'दि माना' आणि 'दालाम... मम्बाहास' शेवटच्या रात्री परत येतील, आणि सारांश हेच पान परीक्षक सगळ्यात आधी उघडतात. पहिल्या प्रकरणाचा दुरुस्त मसुदा झाला की प्रत्येक वाक्याच्या उद्देश्याखाली पेन्सिलने रेघ मारून मला पाठवा. जिथे रेघ मारता आली नाही तिथे नुसतं गोल करा, तिथून पुढचं आपण बघू.